डब्याची हजेरी आणि कचऱ्याचा हिशेब

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील अनेक लहानमोठ्या शहरांत घरांच्या दाराशेजारी एक नवी खूण दिसू लागली आहे. पूर्वी तेथे घरमालकाच्या नावाची पाटी असे, जनगणनेच्या वेळी खडूने किंवा गेरूने घातलेला आकडा असे. आता त्यांच्या जोडीला नगरपालिकेने चिकटविलेली एक लहानशी पट्टी आली आहे. घंटागाडीबरोबर येणारा कर्मचारी कचरा घेतल्यावर हातातील यंत्र किंवा मोबाइल त्या पट्टीसमोर धरतो आणि अमुक घराचा कचरा अमुक वेळी उचलला गेल्याची नोंद क्षणार्धात कचेरीतील संगणकावर उमटते. कोठे ही पट्टी क्यूआर कोडची असते, कोठे रेडिओलहरींवर चालणाऱ्या आरएफआयडी टॅगची. अधिकाऱ्यांना या व्यवस्थेचे मोठे कौतुक आहे आणि नागरिकांनाही तिच्याविषयी कुतूहल आहे. तिचे स्वागत करावे की तिच्याकडे संशयाने पाहावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. आमच्या मते तो किरकोळ नाही. शहराच्या कारभारात कोणी कोणाला जाब विचारावयाचा, हा लोकशाहीतील मूळचा प्रश्नच या पट्टीच्या रूपाने आपल्या उंबरठ्याशी येऊन उभा राहिला आहे.

प्रथम हे यंत्र करते काय ते पाहू. या टॅगमध्ये नखाएवढी एक चिप आणि तिच्याभोवती गुंडाळलेली धातूची बारीक तार असते. त्यात बॅटरी नसते. वाचक यंत्राने सोडलेल्या रेडिओलहरी त्या तारेवर आदळल्या की त्यांच्यातूनच चिपला किंचित वीज मिळते आणि ती आपला क्रमांक परत पाठविते. परावर्तित लहरींच्या द्वारे निरोप पाठविता येईल, हा विचार हॅरी स्टॉकमन या शास्त्रज्ञाने १९४८ साली एका निबंधात मांडला होता. टोलनाक्यावर मोटारीच्या काचेवरचा जो फास्टॅग आपले पैसे कापून घेतो, आणि जो आपल्या देशात २०२१ च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा झाला, तोही याच जातीचा. म्हणजे यात जादू काही नाही. टॅगला स्वतःचा क्रमांक सांगता येतो, याहून अधिक काही सांगता येत नाही. डब्यात काय आहे, ओला कचरा सुक्यात मिसळला आहे काय, डबा खरोखर रिकामा झाला काय आणि त्यातील कचरा पुढे कोठे गेला, याविषयी तो मुका आहे. या मर्यादेची वाचकांनी आरंभीच मनाशी नोंद करावी. कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच आधारलेले आहे.

तथापि ही व्यवस्था निरुपयोगी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांच्या आळीत आठवड्यातून चार दिवस घंटागाडी फिरकत नाही आणि तरीही ज्यांच्या प्रभागाचा अहवाल 'शंभर टक्के संकलन' असा लिहिला जातो, त्या नागरिकांना तिचे मोल सांगावयास नको. आजवर मुकादमाची वही हाच पुरावा होता, आणि वहीत काय लिहावयाचे हे मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून असे. गाडी आली नाही अशी तक्रार घेऊन जाणाऱ्या गृहिणीला 'आमच्या नोंदीप्रमाणे गाडी येऊन गेली' हे उत्तर ऐकून निमूटपणे परतावे लागे. टॅगमुळे तिच्या हाती निदान एक वेळ आणि एक तारीख येते. श्रीमंतांच्या वसाहतीत गाडी रोज जाते आणि ओढ्याकाठच्या वस्तीत ती तीन दिवसांनी जाते, हे जर आकड्यांत दिसू लागले, तर ते आकडे सार्वजनिक कामाला येतील यात शंका नाही. अर्थात ते दिसू दिले तरच.

परंतु नोंद आणि काम या दोन गोष्टी भिन्न आहेत. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविण्याचे काम केले आहे. हजेरीपट हा शाळेला अवश्य असतो. पण हजेरीपटावर वर्ग भरलेला दिसला म्हणजे मुलांना गणित आले, असे कोणी सुज्ञ मुख्याध्यापक समजत नाही. उलट ज्या शाळेचे मूल्यमापन केवळ हजेरीवरच होऊ लागते, तेथे हजेरी उत्तम भरते आणि शिक्षण मागे पडते. टॅग ही डब्याची हजेरी आहे. आणि हजेरीतही लबाडी करता येतेच. घरोघरच्या क्यूआर कोडांची छायाचित्रे मोबाइलमध्ये साठवून ठेवली की चहाच्या टपरीवर बसून आळीभर घरांची नोंद उरकणे अशक्य नाही. ते टाळण्यासाठी मग जागेची नोंद, त्यावर छायाचित्र, त्यावर तपासनीस, अशी पहाऱ्यावर पहारा बसविण्याची मालिका सुरू होते. या मालिकेला अंत नसतो. तिच्यावर होणारा खर्च मात्र नागरिकांच्या करातूनच भागवावा लागतो.

हे तंत्र इतर देशांत पूर्वीच वापरले गेले असल्याने त्यांचा अनुभव येथे विचारात घेणे उचित ठरेल. त्यात यश आहे, अपयश आहे आणि आपल्याला शिकण्यासारखेही पुष्कळ आहे.

यशाचे उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. त्या देशाने १९९५ साली घरगुती कचऱ्यासाठी ठरावीक पिशव्या विकत घेण्याची सक्ती केली; जो जितका कचरा करील त्याने तितके पैसे द्यावेत, असा त्यामागील न्याय होता. २००५ साली खरकटे अन्न भराव-जमिनीत पुरण्यास बंदी झाली आणि २०१३ पासून देशभर अन्नकचऱ्यावर त्याच्या प्रमाणात आकार बसविण्यात आला. सोलसारख्या शहरांत इमारतीखाली टॅग वाचणारे डबे उभे असतात. रहिवासी आपले कार्ड दाखवितो, झाकण उघडते, टाकलेल्या अन्नाचे वजन होते आणि तेवढी रक्कम त्याच्या नावावर पडते. १९९५ साली त्या देशात जेमतेम दोन टक्के अन्नकचऱ्याचा पुनर्वापर होत असे. आज ते प्रमाण पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास सांगितले जाते. हा चमत्कार टॅगने केला असे मानणे हा मात्र भोळेपणा होईल. डब्यातून बाहेर पडलेल्या अन्नाची वाट पाहत खताचे, पशुखाद्याचे आणि गॅसचे कारखाने उभे होते. पुरण्यास बंदी आधी आली, यंत्र मागाहून आले. साखळीची शेवटची कडी पक्की झाल्यावर पहिल्या कडीला टॅग लावला गेला, आणि म्हणूनच तो उपयोगी पडला.

याच्या उलट अनुभव ब्रिटनचा आहे. २००६ साली तेथील वृत्तपत्रांतून असे प्रसिद्ध झाले की अनेक नगरपरिषदांनी लोकांच्या चाकाच्या डब्यांत नकळत चिपा बसविल्या आहेत. उद्देश वजन मोजण्याचा आणि पुढे त्यावर आकार बसविण्याचा असावा, असा संशय घेतला गेला आणि देशभर गदारोळ उडाला. काही नागरिकांनी त्या चिपा उचकटून काढल्या. दक्षिण नॉरफॉकमध्ये वजनावर चालणारी योजना यंत्रांच्या बिघाडापायी आणि रस्त्याकडेला गुपचूप कचरा टाकण्याच्या वाढत्या प्रवृत्तीपायी सोडून द्यावी लागली. २००८ च्या हवामानविषयक कायद्याने पाच ठिकाणी असे प्रयोग करण्याची मुभा दिली. पण एकही नगरपरिषद पुढे आली नाही, आणि २०११ च्या कायद्याने ती तरतूदच रद्द करण्यात आली. या सर्व प्रकरणात यंत्र सदोष होते यापेक्षा लोकांना विश्वासात घेतले नव्हते हा दोष मोठा होता. घरी आलेला डबा आपल्यावर पाळत ठेवतो, असे ज्याला एकदा वाटले, तो त्या डब्याशी प्रामाणिक कसा राहणार?

तिसरे उदाहरण अमेरिकेतील क्लीव्हलंड शहराचे, आणि आमच्या मते ते सर्वांत बोधप्रद आहे. २०१० साली त्या शहराने चिप बसविलेले डबे हजारो घरांना देण्याचे ठरविले. पुनर्वापराचा डबा काही आठवडे दाराबाहेर आलाच नाही, तर चिपवरून ते समजावे, मग निरीक्षकाने त्या घराचा कचरा उपसून पाहावा आणि त्यात पुनर्वापरयोग्य वस्तू दहा टक्क्यांहून अधिक निघाल्या तर शंभर डॉलरांचा दंड करावा, अशी ती योजना होती. पुढे दहा वर्षांनी, २०२० साली, याच शहराचा पुनर्वापराचा ठेका संपला. परवडेल असा नवा ठेका जमला नाही. नागरिक इमानेइतबारे कागद, काच आणि डबे वेगळे करीत राहिले, आणि महापालिका ते सारे नेऊन इतर कचऱ्याबरोबर जमिनीत पुरत राहिली. ज्या नगराने नागरिकाच्या डब्यावर पहारा बसविण्याचा घाट घातला होता, त्या नगराच्या स्वतःच्या गाड्यांवर मात्र तसा पहारा नव्हता.

क्लीव्हलंडची ही कथा दूरदेशीची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. आपल्याकडे ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचा उपदेश नागरिकांना कित्येक वर्षे चालू आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक असे तीन विभाग घरातच करण्याचे कर्तव्य नागरिकांवर टाकले. ते योग्यच होते. पण त्याच नियमांनी हेही सांगितले होते की ज्याचा पुनर्वापर होत नाही, ज्याचे खत होत नाही आणि जे जाळूनही उपयोगात येत नाही, तेवढेच भराव-जमिनीवर जावे. यांपैकी पहिल्या आज्ञेची आठवण दररोज घंटागाडीच्या कर्ण्यावरून आपल्याला करून दिली जाते. दुसऱ्या आज्ञेची आठवण महापालिकांना कोण करून देते? वेगळे करून दिलेले दोन डबे आपल्या डोळ्यांदेखत एकाच गाडीत रिते होताना पाहण्याचा अनुभव ज्याला आलेला नाही, असा शहरवासी विरळाच. अशा वेळी टॅगवर नोंद मात्र निर्दोष होते.

कचऱ्याच्या या प्रवासाची शेवटची मुक्कामे आपल्या परिचयाची आहेत. मुंबईचे देवनार १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेत आले आहे. २०१६ च्या जानेवारीअखेर तेथे पेटलेल्या आगीचा धूर मुंबईवर पसरला आणि शाळा बंद ठेवण्याची पाळी आली. पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी पुणेकरांचा कचरा वर्षानुवर्षे सोसला, विहिरींचे पाणी नासलेले पाहिले आणि पुनःपुन्हा आंदोलने केली. २०१७ च्या एप्रिलात तेथील डेपोला आग लागली तेव्हा ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या आणि सुमारे तीन आठवडे शहराच्या कोपऱ्याकोपऱ्यावर कचऱ्याचे ढीग साचले. पुणेकरांनी त्या दिवसांत नाकाला रुमाल लावून जे भोगले, ते त्या गावांनी त्यापूर्वी वर्षानुवर्षे भोगले होते. देवनारची आग किंवा फुरसुंगीची विहीर आपल्या दारावरच्या पट्टीने वाचली असती असे कोणी म्हणणार नाही. त्या आपत्तींचे मूळ आपल्या दाराशी नव्हते. ते डेपोवर, प्रक्रिया-प्रकल्पांच्या अपुरेपणात आणि करारांच्या कलमांत होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी जी म्हण आपल्याकडे आहे, ती येथे तंतोतंत लागू पडते.

करारांचा उल्लेख केला, त्याचे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. आपल्या कित्येक शहरांत कचरा वाहून नेणाऱ्या ठेकेदाराला टनाच्या हिशेबाने पैसे मिळतात. गाडीत जितके वजन अधिक, तितके त्याचे देयक मोठे. मग ओला कचरा घराशेजारीच जिरावा, सुका कचरा भंगारात जावा आणि गाडी हलकी व्हावी, असे त्याला कशासाठी वाटावे? गाडीत माती आणि राडारोडा भरून वजन वाढविल्याच्या तक्रारी आपल्याकडे नव्या नाहीत. म्हणजे नागरिकाला सांगावयाचे की कचरा कमी करा, आणि ठेकेदाराला पैसे द्यावयाचे ते कचरा अधिक असण्याबद्दल. हा विरोध जोवर करारात लिहिलेला आहे, तोवर हजारो टॅग लावूनही तो मिटणार नाही. टॅगने मोजल्या जातात त्या भेटी, पैसे दिले जातात ते वजनावर, आणि शहराला हवी असते ती स्वच्छता. ही तीन मापे परस्परांशी जुळविणे हे प्रशासनाचे खरे काम आहे आणि ते कोणतेही यंत्र त्याच्याऐवजी करू शकत नाही.

आता या पहाऱ्याचे ओझे कोणावर पडते ते पाहू. पट्टी लागते ती घराला, पण जाब विचारला जातो तो सफाई कामगाराला. गेल्या दशकाच्या अखेरीस नागपूर आणि चंडीगड येथे महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर त्यांचा ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधली. चंडीगडात कामगारांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. कामगाराने कामावर हजर असावे ही अपेक्षा रास्त आहे आणि गैरहजर राहून पगार घेणाऱ्याची तरफदारी आम्ही करणार नाही. परंतु एका गोष्टीचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. हातमोजे, बूट आणि साबण यांसाठी ज्या कामगाराला वर्षानुवर्षे अर्ज करावे लागतात, त्याच्यासाठी पाळतीचे घड्याळ मात्र तातडीने खरेदी होते. झाडूवाल्याच्या मनगटावर घड्याळ बांधणाऱ्या नगरात आरोग्य अधिकाऱ्याच्या, अभियंत्याच्या किंवा ठेकेदाराच्या मनगटावर ते बांधण्याचा ठराव झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पाळत नेहमी उतरंडीच्या तळाशी असलेल्यावरच ठेवली जावी आणि ती उतरंड बहुतांशी जुन्या जातीव्यवस्थेशी जुळणारी असावी, हे सुशिक्षितांनी डोळ्यांआड करू नये.

या बाबतीत पुण्याला एक वेगळी परंपरा आहे आणि तिचा पुणेकरांनी अभिमान बाळगावा. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली आणि एसएनडीटी विद्यापीठातील कार्यकर्त्यांच्या परिश्रमातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचराकुंड्यांत हात घालून पोट भरणाऱ्या बायकांनी आपण भिकारी किंवा चोर नसून कामगार आहोत असे सांगितले, आणि महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. याच चळवळीतून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली महापालिकेने तिच्याशी करार केला. ही बाई रोज दाराशी येते, वेगळा केलेला कचरा घेते, न केलेला असेल तर दोन शब्द सुनावते, महिन्याचे शुल्क घेते आणि सुक्या कचऱ्यातले विकाऊ ते विकून आपला संसार चालविते. कचरा वेगळा होण्यात तिचे पोट गुंतलेले आहे. म्हणून तिच्यावर पाळत ठेवण्याची फारशी गरज पडत नाही. ती आली नाही तर शेजारीण विचारते, आणि आपण मिसळून दिले तर ती विचारते. या व्यवस्थेत त्रुटी नाहीत असे आम्ही म्हणत नाही. तथापि परस्परांना विचारण्याचा हा जो संबंध आहे, तो तुटून त्याच्या जागी केवळ यंत्राची नोंद आली, तर शहराची हानीच होईल.

घराच्या खासगीपणाचाही विचार करावयास हवा. कचरा ही बाहेर टाकलेली वस्तू, तीत खासगी ते काय, असे कोणी म्हणेल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली असाच निर्णय दिला होता की रस्त्यावर ठेवलेल्या कचऱ्याला खासगीपणाचे संरक्षण नाही. परंतु कोणत्या घरी किती दिवस कचरा निघाला नाही, म्हणजेच कोण परगावी गेले आहे, ही माहिती चोराला मोलाची असते. औषधांच्या रिकाम्या पाकिटांवरून घरातील आजार कळतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले आणि २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. आपल्या घराच्या पट्टीवरून जमणारी माहिती नगरपालिकेच्या ताब्यात आहे की यंत्र पुरविणाऱ्या कंपनीच्या, ती किती काळ ठेवली जाते आणि आणखी कोणाला दिली जाते, हे प्रश्न विचारण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे. पट्टी चिकटविण्यास आलेल्या माणसाला तो विचारून उपयोग नाही. तो महापालिकेच्या सभागृहात विचारला गेला पाहिजे.

आणि येथेच आम्ही मूळ प्रश्नाकडे वळतो. २०२२ च्या मार्चपासून कित्येक वर्षे पुण्या-मुंबईच्या महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळात आळीतला नगरसेवक हा जो जाब विचारण्याचा जुना, कधी कधी त्रासदायक पण हक्काचा मार्ग होता, तो बंद होता. नेमक्या अशा काळातच यंत्रांच्या फलकांवर आणि टक्क्यांवर भिस्त ठेवण्याची सवय प्रशासनाला लागते. २०१६ साली ७३ शहरांपासून सुरू झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणाने शहरांत स्पर्धा लावून दिली आणि तिचा काही चांगला परिणाम झाला हे मान्य केलेच पाहिजे. २०१७ पासून सातत्याने अग्रस्थान मिळविणाऱ्या इंदूरने घरोघरच्या संकलनाबरोबरच २०२२ साली ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा दररोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प उभा केला. म्हणजे तेथेही कोरियाप्रमाणेच शेवटच्या कडीकडे लक्ष दिले गेले. आपल्याकडील अनेक शहरांनी मात्र या स्पर्धेतून घ्यावयाचे ते न घेता, ज्याला गुण मिळतात आणि ज्याचे छायाचित्र काढता येते तेवढेच घेतले.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. टॅग लावावेत; पण ते दारापाशी थांबू नयेत. घरून निघालेला कचरा गाडीत किती भरला, हस्तांतरण केंद्रावर किती उतरला, खताच्या, गॅसच्या आणि पुनर्वापराच्या प्रकल्पात किती पोहोचला आणि अखेर डेपोवर किती पडला, याचे वजन प्रत्येक टप्प्यावर व्हावे आणि प्रभागवार आकडे दररोज लोकांसमोर यावेत. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांत जे अंतर पडेल त्याचा खुलासा प्रशासनाने करावा. ठेकेदाराचे देयक वाहिलेल्या वजनावर नसावे. वेगळा केलेला कचरा योग्य ठिकाणी पोहोचविल्यावर ते मिळावे. कामगाराची नोंद कामगाराला पाहता यावी आणि यंत्र बंद पडले म्हणून त्याचा रोज कापला जाऊ नये. घराघराची माहिती ठरावीक मुदतीनंतर पुसली जावी आणि ती दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरली जाऊ नये. आणि या साऱ्याची तपासणी करण्यासाठी प्रभाग समितीच्या बैठकीत नागरिकांना, तसेच ज्यांच्या गावाशेजारी डेपो आहे त्या ग्रामस्थांना, बसावयास जागा मिळावी. यांतील एकही गोष्ट तंत्रज्ञानाच्या आवाक्याबाहेरची नाही. जे तंत्र झाडूवाल्याचे पाऊल मोजू शकते, ते ट्रकचे वजनही मोजू शकते. प्रश्न आहे तो मोजण्याच्या इच्छेचा.

शेवटी दोन शब्द स्वतःविषयी, म्हणजे आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाविषयी. महाराष्ट्रात संत गाडगेबाबा होऊन गेले. ज्या गावी कीर्तन असे त्या गावचे रस्ते ते आधी स्वतः झाडीत आणि मग लोकांना बोलावीत. त्यांच्या नावाने २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानात राज्यातील हजारो गावांनी भाग घेतला. त्या खेड्यांच्या दारावर पट्ट्या नव्हत्या. गावाची अब्रू होती आणि एकमेकांचा धाक होता. शहरात तो धाक उरला नाही, म्हणून यंत्र आले, हे आपण प्रामाणिकपणे कबूल करावयास हवे. डबा उचलून नेणाऱ्या बाईचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? जिन्याखाली डबा ठेवून दार लावून घेतले की आपले कर्तव्य संपले, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांना महापालिकेला जाब विचारण्याचा नैतिक अधिकार फार थोडा राहतो. आपण कचरा वेगळा करून द्यावा, कमी करावा, आणि तो उचलणाऱ्याला माणूस म्हणून ओळखावे. एवढे केल्यावर मात्र आपण हक्काने विचारावे की आमचा डबा कोठे गेला.

कारण हा प्रश्न विचारला गेल्यावाचून कोणतीही व्यवस्था सुधारत नाही. आज महापालिका आपल्या दाराशी येऊन आपल्या डब्याची हजेरी घेत आहे. ती तिने खुशाल घ्यावी. प्रामाणिक नागरिकाला हजेरीचे भय नसते. परंतु हजेरी घेणाऱ्याने आपला हिशेबही द्यावयाचा असतो. फुरसुंगीच्या विहिरीचे पाणी पुन्हा पिण्याजोगे होईल आणि देवनारचा डोंगर वाढण्याऐवजी झिजू लागेल, त्या दिवशी हा हिशेब जुळला असे आम्ही मानू. तोपर्यंत दारावरची ती लहानशी पट्टी म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या वहीचे पहिले पान आहे, हे नगरपित्यांनी आणि नागरिकांनी दोघांनीही लक्षात ठेवलेले बरे.